गोळ्यांची पिशवी सोबत आणा

वयस्क वाचकांच्या पत्रांत फिरून फिरून तेच गोंधळ येतात. यावेळी त्यातले काही एकत्र घेतले.

प्रश्न : रक्त तपासायला उपाशी जायचं, म्हणून सकाळची बीपीची गोळीही टाळतो. बरोबर ना? (परतूर)

उत्तर : चूक. बीपीची गोळी बहुतेकांनी घोटभर पाण्यासोबत घ्यायचीच असते. शुगरच्या गोळीचं आणि इन्सुलिनचं तसं नाही. ते घेऊन उपाशी बसलात तर चक्कर येऊन पडाल, म्हणून आदल्या दिवशी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : सासूबाई गुडघ्यासाठी बाजारातल्या एका माणसाकडून पुडी घेतात. डॉक्टरांनी विचारलं की 'काही घेत नाही' म्हणतात. सांगायला हवं का? (उदगीर)

उत्तर : हवंच! 'देशी आहे, साइड इफेक्ट नाही' हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत. ज्या पुडीने दोन दिवसांत गुडघा मोकळा होतो, तिच्यात स्टेरॉइड कालवलेलं असू शकतं. मग तोंड सुजतं, शुगर चढते, हाडं ठिसूळ होतात. आणि कळल्या कळल्या पुडी फेकून देऊ नका. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवणं धोक्याचं असतं. पुडी घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.

नुसती पुडी नाही, घरातली सगळी औषधं आणा. डोळ्यांचे थेंब, काढा, शेजारणीने दिलेली गोळीसुद्धा. एक आजी पाय सुजले म्हणून आल्या. पदराच्या गाठीतून चार-चार गोळ्यांचे तुकडे निघाले, कात्रीने असे कापलेले की नावही गेलं, तारीखही गेली. घरून डबा मागवला तेव्हा कळलं, अ‍ॅमलोडिपीन ही बीपीची गोळी दोन नावांनी चालू होती; एक गावातल्या डॉक्टरांची, एक शहरातल्या. त्या गोळीने पाय सुजतात. तिसऱ्याने सुजेवर लघवीची गोळी दिली होती. म्हणजे गोळीच्या त्रासावर आणखी एक गोळी! दुकानदाराला सांगा, पट्टी कापायचीच तर नावाचा भाग माझ्याकडे राहू दे.

प्रश्न : मुलगाच सगळं बोलतो. मला लघवीचं सांगायचं राहूनच जातं. (जिंतूर)

उत्तर : आत गेल्या गेल्या पहिलं तेच सांगा. माझ्याकडेही कित्येक अण्णा चपला घालताना म्हणतात, 'एक सांगायचं राहिलं साहेब,' आणि खरा आजार तोच असतो. लाज वाटत असेल तर मुलाला दोन मिनिटं बाहेर बसवायला डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : स्वस्तात साठ तपासण्यांचं पॅकेज मिळतंय. आधीच करून नेऊ का? (माजलगाव)

उत्तर : नको. डॉक्टर सांगतील तेवढ्याच करा.

प्रश्न : चालताना छातीत दाबल्यासारखं होतं. पोळा झाला की दाखवतो. (कळंब)

उत्तर : पोळा दरवर्षी येतो. आजच जा. बसल्या जागी दुखलं, घाम फुटला, तर एसटीची वाट बघत बसू नका. १०८ लावा.

प्रश्न : डॉक्टरांचं बोलणं नीट ऐकू येत नाही. मी आपली मान हलवतो. (भोकर)

उत्तर : कानाचं मशीन असेल तर ते घरी डबीत ठेवून येऊ नका. नसेल तर गोळ्यांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मागा आणि कान तपासून घ्या. कधी कधी नुसता मळ निघतो.