सन कोरल (एक प्रवाळ) आणि अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) एकाच रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-मत्स्यालयात, ठेवता येतील का?

येतील, पण टँक मोठा हवा, आणि सुरुवात करणाऱ्याला मी ही जोडी सुचवणार नाही.

अडचण प्रकाशाची नाही, अन्नाची आहे. बबल-टिप जातीच्या अ‍ॅनिमोनच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं, म्हणून त्याला चांगला प्रकाश लागतो. सन कोरलमध्ये ते शैवाल नसतं. दिवे कितीही भारी लावा, त्याचं पोट भरत नाही. आठवड्यातून निदान दोन-तीनदा गोठवलेलं मिसिस किंवा ब्राइन श्रिंप (दोन्ही बारीक कोळंबीसारखे जीव) पिपेटने एकेका पॉलिपच्या (कोरलच्या फुलासारख्या छोट्या जीवाच्या) तोंडाशी द्यावं लागतं. पॉलिप अंधारात उघडतात, त्यामुळे दिवे मालवल्यावर खायला घाला. नवीन कोरल उघडत नसेल तर मिसिसचं थोडं पाणी आधी सोडा. वासाने ते हळूहळू उघडतात. नियमित खाऊ न मिळालेलं सन कोरल महिनोन् महिने झिजत मरतं, आणि ते बघवत नाही.

इतकं अन्न पडलं की पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट ही घाण वाढणारच. दमदार प्रोटीन स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) आणि नियमित पाणी बदलणं याला पर्याय नाही. पाण्याचा खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) 1.025 च्या आसपास, तापमान 25-26 अंश सेल्सिअस. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बहुधा चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागेल.

अ‍ॅनिमोन जागा बदलतो आणि वाटेतल्या कोरलला डंख मारतो. त्याला वेगळ्या खडकावर बसवा, आणि तो आत ओढला जाऊ नये म्हणून पंपांना जाळी लावा.

खरेदीआधी कागदपत्रं मागाच: भारतातली प्रवाळं वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत.