‘संरक्षक गट’ चालेल, ‘विसंरक्षण’ मात्र नको

लातूरच्या एका प्राध्यापिकेने विचारलं आहे : एम.एस्सी.च्या वर्गात कार्बॉक्सिलिक आम्लांचे प्रोटेक्टिंग ग्रुप शिकवते. बरीच मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, म्हणून मध्येमध्ये मराठीत समजावते. ‘संरक्षक गट’ म्हणू की ‘संरक्षी समूह’? डीप्रोटेक्शनला ‘विसंरक्षण’ चालेल का? आणि ‘संरक्षक’ म्हटल्यावर एका मुलाने विचारलं, “मॅडम, आम्लाला कुणापासून वाचवायचं?” त्याला काय सांगू?

संरक्षक गट म्हणजे रेणूचा एखादा क्रियाशील भाग तात्पुरता बंद करायला त्याला जोडलेला तुकडा; काम झाल्यावर तो काढणं म्हणजे डीप्रोटेक्शन. गट की समूह, हा वाद लगेच मिटतो. दहावीच्या पुस्तकातल्या ‘कार्बनी संयुगे’ या धड्यात मुलांनी ‘क्रियात्मक गट’ वाचलेला आहे. तेव्हा गटच.

त्या मुलाचा प्रश्न मात्र फार नेमका आहे. संरक्षक म्हटलं की ज्याचं रक्षण करायचं तो बापडा दुबळा वाटतो. इथे खोडकर तोच असतो. ग्लायसीन आणि अ‍ॅलानीन ही दोन अमिनो आम्लं तशीच एकत्र जोडायला घेतली, तर दोन-दोनाच्या जोड्याच चार प्रकारच्या होतात, कारण दोघांनाही अमाइनचं आणि आम्लाचं अशी दोन टोकं. हवी असते त्यातली एकच जोडी. म्हणून एकाचं आम्ल बंद करायचं, दुसऱ्याचं अमाइन. सोयाबीनमध्ये कोळपं चालू असताना बैलाला मुसकं बांधतात, ते बैलाला जपायला नव्हे, त्याने पिकाला तोंड लावू नये म्हणून. काम झालं की मुसकं काढायचं, नाहीतर तो कडबा कसा खाणार? लातूरच्या वर्गात हे एवढं सांगितलं तरी पुरे.

म्हणून ‘मुसकं-गट’ असा शब्द पाडा, असं मी म्हणत नाही. ‘संरक्षक गट’ हे नाम राहू द्या. क्रियापदं मात्र बदला : गट झाकणे आणि गट मोकळा करणे. ‘विसंरक्षण’ कानाला संरक्षण खात्याच्या एखाद्या परिपत्रकासारखं लागतं, आणि त्यातून हाती काय उरलं ते कळत नाही. ‘मोकळा केला’ म्हटलं की शेवटी मोकळं आम्ल मिळालं, हे त्यातच आलं. वाळूज-चिकलठाण्याच्या औषध कारखान्यांत ‘डीप्रोटेक्ट झालं का?’ असंच विचारतील, त्याला हरकत नाही. प्रश्न वर्गातल्या मराठीचा आहे.

झाकण्यातही एक गोम आहे, ती मुलांना जरूर सांगा. आम्लाचा इस्टर केला (म्हणजे त्याला अल्कोहोल जोडलं) की त्याचा आम्लधर्मी हायड्रोजन जातो, पण कार्बोनिल, म्हणजे कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध, उघडंच राहतं. म्हणजे ग्रिन्यार अभिकर्मक (मॅग्नेशियमचं एक फार क्रियाशील कार्बनी संयुग) त्या हायड्रोजनवर वाया जायचा थांबतो, पण साध्या इस्टरच्या कार्बोनिलवर तो हल्ला करतोच. तिथे ऑक्साझोलीन किंवा ऑर्थोइस्टर लागतो, त्यात कार्बोनिलसुद्धा झाकलं जातं. त्यामुळे नुसतं ‘आम्ल झाकलं’ म्हणू नका, कशापासून झाकलं तेही म्हणा.

खरी निवड तर मोकळं करण्यावरून होते. मिथाइल इस्टर लिथियम हायड्रॉक्साइड या आम्लारीने सोडवता येतो. बेन्झाइल असेल तर पॅलेडियमवर हायड्रोजन द्यायचा, त्याचं टोल्युइन होऊन जातं. टर्शरी ब्युटाइल ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक आम्लात निघतो. रेणूत पेनिसिलिनसारखं बीटा-लॅक्टमचं, चार अणूंचं नाजूक कडं असेल, तर आम्लारी वापरायची सोय नाही, कडंच फुटायचं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन शीहान यांनी 1957 मध्ये पेनिसिलिन व्ही-चं संश्लेषण केलं, तेव्हा ज्या कार्बॉक्सिल गटातून हे कडं जुळायचं होतं तो टर्शरी ब्युटाइल इस्टर करून झाकून ठेवला होता. वेळ आल्यावर कोरड्या हायड्रोजन क्लोराइडने तो मोकळा केला आणि शेवटी डीसीसी हा पाणी काढून घेऊन बंध जुळवणारा अभिकर्मक वापरून कडं मिटवलं. झाकणे, मोकळा करणे, मिटवणे : सगळी गोष्ट रोजच्या क्रियापदांत बसते.

(जाता जाता : वरच्या वर्गांतलं विज्ञान देशी भाषेत शिकणं मराठवाड्याला नवं नाही. 1918 ला सुरू झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं, आणि मराठवाडा तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होता.)

राहिला ‘ऑर्थोगोनल’. तुम्ही विचारलेला नाही, पण पुढच्याच तासाला आडवा येईल. पेप्टाइडवाल्या, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळ्या जोडणाऱ्या, बारानी आणि मेरिफील्ड यांनी 1977 मध्ये तो या अर्थी रूढ केला : एका रेणूवरचे संरक्षक गट वेगवेगळ्या रीतींनी, एकाला काढताना दुसऱ्याला धक्का न लावता, हव्या त्या क्रमाने काढता येणं. कोशात बघून ‘लंबकोनी संरक्षण’ लिहाल तर मुलं कोनमापक काढतील. ‘परस्परनिरपेक्ष’ म्हणा. लांब आहे खरा, पण अर्थ चुकत नाही. बॉक हा अमाइन झाकायचा नेहमीचा गट घेतला, तर फळ्यावर वाक्य असं येईल : “आम्ल बेन्झाइलने आणि अमाइन बॉकने झाकलं, दोन्ही गट परस्परनिरपेक्ष आहेत, म्हणून हायड्रोजन देऊन आधी आम्ल मोकळं केलं, बॉक जागचा हलला नाही.”