जुन्या मारुती ८०० ला फॉग लॅम्प लावताना वायरिंग आणि फ्यूज कसा ठेवावा?

५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. एवढा करंट गाडीच्या मूळ स्विचमधून अजिबात नेऊ नका. जुन्या गाडीत तो स्विच आणि त्याच्या वायरी आधीच थकलेल्या असतात.

बॅटरीच्या प्लसवरून वेगळी २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर काढा. तिच्यावर १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच. हे सगळ्यात महत्त्वाचं! फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा बॉडीला घासला तर त्याला वाचवणारं काहीच नाही. पुढे चार पिनांचा रिले, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांवर नंबर असतात: ३० ला ही वायर, ८७ वरून दिवे, ८५ अर्थला (म्हणजे गाडीच्या बॉडीला), ८६ ला पार्किंग लाइटवरून नव्या स्विचमार्गे पातळ वायर.

पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेने वायर कापू नये म्हणून बसवायचं कडं) हवाच. अर्थची वायर बॉडीला जोडताना तिथला रंग खरवडून घ्या. कामाआधी बॅटरीचा मायनस काढा.

फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा घालू नका, शॉर्ट शोधा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळून देणाऱ्या मेकॅनिककडे तर गाडी देऊच नका.