परदेशात स्वयंसेवक म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्याचं रोजचं आयुष्य कसं असतं? मराठी माध्यमातून शिकलेल्याला ते जमेल का?

जमेल. मीही मराठी माध्यमाचीच, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. मी कंबोडियात बट्टंबांग शहराबाहेरच्या एका खेड्यात शिकवलं, त्यामुळे पुढचं सगळं तिथलं आहे.

दिवसभर मुलांच्या गराड्यात उभं राहून शिकवायचं, हे चित्र आधी डोक्यातून काढा. कंबोडियात वर्गखोल्या आणि शिक्षक पुरत नाहीत म्हणून बऱ्याच सरकारी शाळा दोन पाळ्यांत भरतात. काही मुलं सकाळी साधारण ७ ते ११, बाकीची दुपारी. प्रत्येकाला अर्धा दिवस मोकळा, आणि त्या मोकळ्या वेळात गावोगावी इंग्रजीचे वर्ग चालतात. आमचा वर्गही तसलाच, वर पत्रा, तीन बाजूंनी उघडा. सकाळी एक तुकडी, दुपारी दुसरी, पाचनंतर कामावरून आलेली मोठी मुलं-मुली. मधल्या उन्हाच्या वेळात गाव झोपतं. घरं खांबांवर उभी असतात, त्यांच्या खालच्या सावलीत हॅमॉक बांधलेले असतात. दोन दिवसांत तुम्हीही झोपायला शिकता, कारण कुणाकडे लग्न किंवा मयत असेल तर पहाटे पाचच्या आधीच लाउडस्पीकर सुरू होतो. आपल्याकडच्या वरातीतून तावून सुलाखून निघालेल्या माणसालाही तो ऐकू येतोच.

आंघोळ हौदातल्या पाण्याने, प्लास्टिकच्या टमरेलाने. युरोपातून आलेले स्वयंसेवक इथे बिचकतात, आपलं काही अडत नाही. अडतं ते जेवणाचं. भात सकाळीसुद्धा, बहुतेक वेळा डुकराच्या मांसाबरोबर. 'प्राहोक' नावाचा आंबवलेला मासा कशातही असू शकतो आणि नुसती पालेभाजी सांगितली तरी तिच्यात फिश सॉस पडलेला असतो. कट्टर शाकाहारी असाल तर स्वतः शिजवायची तयारी ठेवा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला. आणि मुलाच्या डोक्यावरून मायेने हात फिरवायची आपली सवय तिथे आवरा, डोक्याला हात लावलेलं चालत नाही.

आता मराठी माध्यमाबद्दल. ख्मेर या तिथल्या भाषेत काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, आणि शब्दाच्या शेवटचा 'स' जवळजवळ 'ह' होऊन विरतो. त्यामुळे 'येस्टर्डे आय गो' आणि 'टू डॉग' रोज ऐकायला मिळतं. माझ्याबरोबरचा एक इंग्रज मुलगा हे बरोबर दुरुस्त करायचा, पण 'असं का?' विचारलं की 'ऐकायला बरं वाटत नाही' एवढंच सांगू शकायचा. मला सांगता यायचं, कारण हे नियम मी वहीत घोकले होते. काही पालकांना गोराच शिक्षक हवा असतो, हेही खरं. मला बघून एकीने सरळ विचारलं होतं, खरे शिक्षक कधी येणार? अशा वेळी उच्चार गोऱ्यांसारखे करायला जाऊ नका, सावकाश आणि स्पष्ट बोला.

वर्गाचे खरे शिक्षक तिथलेच होते. ख्मेरमध्ये समजावून सांगणं त्यांचं, बोलण्याचा सराव माझा. हीच विभागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्थानिक शिक्षक नसतो तिथे दर महिन्याला नवा स्वयंसेवक येतो, 'व्हॉट इज युवर नेम'पासून पुन्हा सुरुवात करतो, आणि मुलं तेच धडे वर्षानुवर्षं हसतमुखाने गिरवतात. आमच्याकडे एक वही होती. कुठल्या तुकडीचं कुठलं पान झालं ते तिच्यात लिहायचं, म्हणजे पुढच्याला तिथून पुढे जाता येतं. सरावासाठी दुकानाचा खेळ मला सगळ्यात आवडायचा. तिथे डॉलर आणि रियेल दोन्ही चालतात, एका डॉलरला साधारण ४००० रियेल. दोन्ही चलनांत सुट्टे पैसे परत करताना मुलं माझ्यापेक्षा कितीतरी चपळ.

घरी अभ्यास घेणारं कुणी नसतं, त्यामागे इतिहास आहे. १९७५ ते १९७९ या काळात, ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीत, शाळा बंद पडल्या, असंख्य शिक्षक मारले गेले, राजधानीतल्या एका शाळेचा तर तुरुंग झाला. पुढच्या दशकात व्हिएतनामी आणि रशियन शिकवत, इंग्रजीला बंदी होती. १९९२-९३मध्ये संयुक्त राष्ट्रांची माणसं आली तेव्हा इंग्रजी येणाऱ्याला नोकरी मिळते हे लोकांनी पाहिलं. १९९९मध्ये देश आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत गेला, तिथलंही कामकाज इंग्रजीत. म्हणून आजी शाळेत गेलेली नसते, पण नातवाला वर्गाला पाठवताना तिला कुणी समजवावं लागत नाही.

सुट्ट्यांचं आधी विचारून ठेवा. एप्रिलच्या मध्यात त्यांचं नववर्ष असतं, नोव्हेंबरच्या सुमारास बोटींच्या शर्यतींचा जलोत्सव. साधारण आपल्या पितृपक्षाच्या सुमारास प्चुम बेन येतं. पंधरवडाभर लोक पहाटे विहारात जाऊन पितरांसाठी भाताचे गोळे टाकतात. घरमालकिणीबरोबर मी गेले, तेव्हा मला वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही याचं तिलाच नवल वाटलं.

अनाथाश्रमात शिकवायची संधी कुणी दिली तर मात्र जाऊ नका. कंबोडियातल्या अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पर्यटक पैसे देतात म्हणून मुलं घरापासून दूर ठेवली जातात. हा प्रश्न तिथे इतका मोठा आहे, की त्याविरुद्ध मोहिमा चालवाव्या लागल्या.

राहिला व्हिसा. पर्यटक व्हिसा एकदाच, तोही महिनाभरच वाढवून मिळतो. त्यामुळे जास्त राहायचं असेल तर सुरुवातीपासून ऑर्डिनरी व्हिसा घ्या, तो पुन्हा पुन्हा वाढवता येतो. पगार नसला तरी नियमाप्रमाणे वर्क परमिट लागतं. ते कोण काढणार, खर्च कुणाचा आणि वर्गात तुमच्याबरोबर स्थानिक शिक्षक असेल का, हे तिन्ही प्रश्न तिकीट काढायच्या आधी संस्थेला ईमेलवर विचारा आणि उत्तर लेखी घ्या.