माझ्या परकरावर ४८ नंबर कुणी घातला?

प्रश्न : ताई नमस्कार. मी ७३ वर्षांची, कोथरूडला राहते. मुलगा पीएचडीनंतर इस्राईलला गेला, तिकडेच लग्न केलं, आता दोन वर्षं झाली सगळे पुण्यात आमच्याकडेच आहेत. सून चव्वेचाळीसची, स्वभावाने लाख आहे, मला आई म्हणते, मराठीत भांडते सुद्धा. पण तिच्या काही गोष्टी मला कळतच नाहीत आणि मुलाला विचारलं की तो म्हणतो "अगं ती किबुत्झमध्ये वाढलीये" आणि परत लॅपटॉपमध्ये डोकं घालतो. हे काय उत्तर झालं का?

एक म्हणजे जेवताना टेबलाच्या मधोमध एक पातेलं ठेवते आणि सगळ्यांनी साली, शेवग्याचा चोथा, उरलंसुरलं त्यात टाकायचं. आमच्याकडे उष्ट्याचं केवढं, आमचे हे तर पहिल्या दिवशी पानावरून उठलेच. मग एकदा धुणं वाळत घालताना बघते तर माझ्या परकराच्या नेफ्याजवळ काळ्या मार्करने ४८! तिच्या कपड्यांवर ४७, मुलाच्या ४९, नातवाच्या ५०, ह्यांच्या बनियनवर ५१. आम्ही काय तुरुंगात आहोत का?

मागच्या दिवाळीत तिचा भाऊ आला, पंधरा दिवस राहिला, मी हौसेने भाऊबीजेचं ताट केलं तर बोलता बोलता कळलं की भाऊ नाहीच मुळी, ना सख्खा ना चुलत. म्हणे एका ग्रुपमध्ये वाढलो, बारा वर्षांचे होईपर्यंत आंघोळीसुद्धा एकत्र. आता मी काय समजायचं?

आणि खरं ज्यासाठी लिहितेय ते वेगळंच. नातू सात वर्षांचा आहे, त्याला स्वतःची खोली हवीये, तोच मागतोय. पण ही त्याला दार लावू देत नाही, रात्री तीन-चारदा उठून बघते, पुष्कळदा तिथेच जमिनीवर आडवी होते. मला दया आली, म्हणून भाचीकडून ते बेबी मॉनिटर आणून त्याच्या उशाशी लावलं, म्हटलं तुझ्या खोलीत सगळं ऐकू येईल, झोप निवांत. तिने ते बघितलं आणि चेहराच उतरला तिचा. "आई, हे नको" एवढंच म्हणाली आणि पिन काढून कपाटावर ठेवून दिलं. दोन दिवस धड बोलली नाही. माझं काय चुकलं? तिला आईवडील दोघंही होते हो, तरी म्हणे ती आठ वर्षांची होईपर्यंत त्यांच्या घरी झोपली नव्हती. असं कसं?
एक आजी, कोथरूड

उत्तर : काकू, पातेल्यापासून सुरू करू, ते सोपं आहे. त्या पातेल्याला नाव आहे, कोलबोइनिक. किबुत्झ म्हणजे इस्राईलमधलं असं गाव जिथे शेती, पैसा, जेवण सगळं सामाईक. तिथल्या भोजनघरात शेकडो माणसं एकदम जेवायची, प्रत्येक टेबलावर मधे एक भांडं, कचरा सगळा त्यात, म्हणजे ताटं पटापट गोळा होतात. आणि नंबर म्हणजे दुसरं काही नाही, अख्ख्या गावाची लाँड्री एक, मग कपडा कुणाचा ते कळणार कसं? आपल्याकडे धोबी कपड्याच्या कोपऱ्यात खूण घालायचा ना, तेच. सुरुवातीच्या काळात तर काही ठिकाणी कपडेही सामाईक होते, धुऊन आला तो शर्ट तुमचा. त्या मानाने नंबर ही चैनच. आणि तिने तुम्हाला स्वतःच्या लगेच पुढचा नंबर दिलाय, नवऱ्याच्याही आधी, हे माझ्या मते तुम्ही नीट बघितलं नाहीये.

आपल्या शेतकऱ्यांना किबुत्झ म्हटलं की ठिबक आठवतं, ते बरोबरच आहे, ठिबकची ती मोठी कंपनी १९६५ साली हात्झेरीम नावाच्या किबुत्झमध्येच सुरू झाली. पण मूळ कल्पना शेतीपुरती नव्हती. १९१० साली किनेरेत तळ्याच्या काठी देगानिया हे पहिलं किबुत्झ वसलं, पूर्व युरोपातून आलेली विशीतली पोरं, त्यांनी ठरवलं की इथे खाजगी काही नाही, पगार नाही, मालक नाही, जो जमेल तेवढं काम करेल आणि त्याला लागेल तेवढं मिळेल. पुढे बहुतेक किबुत्झमध्ये मुलंही सगळ्यांची झाली. मुलांचं वेगळं घर, सांभाळणारी बाई म्हणजे मेतापेलेत, जेवण झोप शाळा सगळं तिथेच. आईवडिलांकडे रोज दुपारी चारच्या सुमाराला जायचं आणि सात-आठला परत यायचं. यामागे दुष्टपणा नव्हता हं, सुरुवातीला पैसा नव्हता, एकच धड पक्की इमारत ती मुलांना दिली हेही होतं, आणि बाई चूल-मूल यातून सुटली पाहिजे हेही होतं. त्या तीन-चार तासांत आईबाप फक्त मुलांचे असायचे, ना स्वयंपाक ना भांडी, आणि आपल्याकडे दिवसभर घरात असलेले किती बाप तेवढा वेळ देतात ते तुम्हीच बघा (लॅपटॉप!). पण एक गोष्ट मला नेहमी खटकते, ज्यांनी हे ठरवलं ते सगळे स्वतः लहानपणी आपापल्या आईच्या घरात झोपलेले होते. त्यांनी सोडून बघितलं, मुलांना सोडायला काही नव्हतंच.

आता रात्र. माझी एक मैत्रीण आहे, रेवदंड्याची, आपल्या शनिवार तेली म्हणजे बेने इस्राईल, कोकणातल्या ज्यू लोकांतली, आता इस्राईलमध्ये डिमोनाला असते. तिची नणंद किबुत्झमध्ये होती आणि तिने हे रात्रपाळीचं काम केलेलं आहे. सगळ्या मुलांच्या घरांना मिळून एक किंवा दोन बायका, आळीपाळीने, तिला म्हणायचे शोमेरेत, म्हणजे राखणदारीण. प्रत्येक घरात भिंतीवर इंटरकॉमचा डबा. ही बाई तान्ह्या बाळांच्या घरात बसून एकेक बटण दाबून ऐकायची कुठे रडणं येतंय का. मूल घाबरून उठलं की अंधारात त्या डब्याकडे तोंड करून हाक मारायचं, शोमेरेत, शोमेरेत! कधी ती चालत यायची, कधी दुसऱ्या टोकाच्या घरात अडकलेली असायची, मग डब्यातूनच आवाज यायचा, झोप बाळा, येतेच मी. आणि पाळी बदलली की आवाजही बदलायचा.

आता परत एकदा आठवून बघा तुम्ही नातवाच्या उशाशी काय लावलंत ते.

तुमचं चुकलं नाही काकू, तुम्हाला कुठून कळणार. पण ते यंत्र भाचीला परत करा, कपाटावरसुद्धा नको.

यावर अभ्यासही झालेत. १९९४ साली हैफाच्या संशोधकांनी छापलेला एक अभ्यास आहे, दोन्हीकडची बाळं किबुत्झचीच, दिवसभराची सोय सारखीच, फरक एवढाच की काही घरी झोपत आणि काही बाळघरात. घरी झोपणाऱ्यांत ८० टक्के बाळं आईशी सुरक्षितपणे जोडलेली, म्हणजे तिच्या भरवशावर निर्धास्त दिसली, बाळघरात झोपणाऱ्यांत ४८. बाळं मोजकी होती, सगळी मिळून पन्नासच्या आतच, त्यामुळे यावरून सुनेला लेबल लावू नका, ४८ टक्के म्हणजे जवळजवळ निम्मी तिथेही मजेत होती. पण मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की दिवसाने काही बिघडवलं नव्हतं, सामाईक जेवण, सामाईक खेळ, सामाईक कपडे याने कुणाचं वाकडं झालं नाही, प्रश्न रात्रीचा होता. म्हणून तर पातेलं आणि नंबर ती आनंदाने बरोबर घेऊन आली आणि दार मात्र तिला उघडं लागतं. ही पद्धत बंद पाडण्यात त्याच घरांत वाढून आई झालेल्या बायका पुढे होत्या, एकेक किबुत्झ बदलत गेलं, १९९१ च्या आखाती युद्धात क्षेपणास्त्रं पडायला लागल्यावर तर मुलांना लांब झोपवायची कुणाचीच तयारी राहिली नाही, आणि नव्वदचं दशक संपेपर्यंत सगळीकडे हे थांबलं. तुमची सून तशी शेवटच्या बॅचची.

भावाचं म्हणाल तर अगदी निर्धास्त राहा. योसेफ शेफर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने किबुत्झच्या मुलांची २,७६९ लग्नं तपासली होती, १९७१ साली ते छापून आलं. पहिली सहा वर्षं सलग एका ग्रुपमध्ये वाढलेल्या मुलामुलीचं एकही लग्न त्यात निघालं नाही. कुणी मनाई केलेली नव्हती, त्यांना एकमेकांबद्दल तसं वाटतच नाही. एका टबात आंघोळ केलेला तो भाऊच, पुढच्या भाऊबीजेला तिला ओवाळू द्या.

पैशाचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे एकतर सुरळीत आहे किंवा मुलगा बघतो. कारण किबुत्झ सोडून शहरात आलेल्यांचे खरे हाल तिथे व्हायचे. सैन्यातली सक्तीची वर्षं संपवून विशी-बाविशीत बाहेर पडायचं, नावावर घर नाही, शिल्लक नाही, लाईट बिल म्हणजे काय ते बघितलेलं नाही. आणि मागे वळून बघावं तर गावच बदललेलं. १९८५ च्या सुमाराला बरीच किबुत्झ कर्जात बुडाली, मग नव्वदनंतर वेगवेगळे पगार आले, अनेक ठिकाणी भोजनघरं बंद झाली किंवा पैसे देऊन जेवायची झाली, आज साधारण २७० किबुत्झ आहेत त्यातली बहुतेक अशीच. तुम्ही माहेरी गेलात तर निदान ओटा ओळखीचा असतो. हिचं माहेर म्हणजे एक भोजनघर, ते अजून चालतं का, विचारा तिला एकदा, स्वयंपाक करता करता विचारा, समोर बसवून नको.

आता नातवाचं. खोली त्याला द्या, त्याचा हट्ट बरोबर आहे, सात वर्षांच्या मुलाला आईच्या लहानपणाची भरपाई करायला लावू नये. पण दाराऐवजी सध्या जाड पडदा लावा, त्याला बंद वाटतं आणि तिला उघडं. रात्री उठायची पाळी नवऱ्याची पण असू दे, तीनपैकी एकदा तरी. तिला "बंद कर हे उठणं" असं कुणीच म्हणायचं नाही. पातेलं राहू दे, फक्त आजोबांच्या पानाशेजारी वेगळी वाटी ठेवा, ते काही या वयात बदलणार नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघं आयटीमध्ये आहोत, कंटाळलोय खूप, पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिल या सामुदायिक वसाहतीत दोनदा राहून आलो आणि फार आवडलं. नाशिकचा फ्लॅट विकून कायमचं तिकडे जावं असं चाललंय. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिच्या दृष्टीने चांगलंच ना?
एक बाबा, नाशिक

उत्तर : आवडण्यासारखंच आहे ते, लाल उजाड माळावर लोकांनी जंगल उभं केलंय. २८ फेब्रुवारी १९६८ ला सुरू झालं तेव्हा पन्नास हजार माणसांचं शहर ठरलं होतं, आजही तीन हजारांच्या थोडंच पुढे आहे, यावरून काय ते समजा. तिथलं घर तुमच्या मालकीचं होत नाही, विकता येत नाही. परीक्षेवर भर नसलेल्या शाळा आहेत, मुलं रमतात, पण तिला पुढे इंजिनिअरिंगला नाहीतर नर्सिंगला जायचं झालं तर कुठलं सर्टिफिकेट हातात असेल ते आत्ताच तिथे जाऊन विचारा, ती सतरा वर्षांची झाल्यावर नको. आणि मुलीला विचारलंय का? तुमच्या पत्रात तिचं एकही वाक्य नाहीये.

वर्षभर जाऊन राहा. फ्लॅट विकू नका, भाड्याने द्या, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करून.