मांडवात गाताना

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

सोसायटीच्या गणपतीत यंदा समूहगान बसवायची जबाबदारी तू घेतलीस, छान केलंस. गाण्यांची यादी पाहिली. आठ गाणी! त्यातली तीन आजच काढून टाक.

मंडळ तुम्हाला अर्धा तास देईल, पण तो कागदावर. आरती लांबते. मग चित्रकला स्पर्धेची बक्षिसं, कुणाला तरी शाल-श्रीफळ, तेवढ्यात नगरसेवक येतात आणि 'दोनच शब्द' बोलतात. तुम्ही उभे राहाल तेव्हा साडेनऊ वाजून गेलेले असतील. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस. तुमचा दिवस त्यात बसतो का, हे कार्यकर्त्यांना आत्ताच विचारून ठेव. आणि सगळ्यात पक्कं बसलेलं गाणं पहिलं घे. स्पर्धेत ते आपण शेवटी राखून ठेवतो. मांडवात शेवटच्या गाण्यापर्यंत पोचालच याची खात्री नाही.

आता पट्टी, म्हणजे कुठल्या सुरावरून गायचं ते. तुझ्या गटात बायका जास्त आणि पुरुष मोजके. बायकांचा सूर साधारण काळी चार-पाच, म्हणजे पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी, पुरुषांचा काळी एक-दोन. पेटीवाला स्वतः गात असला की आपल्या गळ्याची पट्टी धरतो आणि निम्मा गट नुसता कण्हतो. प्रत्येक गाण्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर शोध आणि तेवढ्याच ओळी सगळ्यांकडून म्हणून घे. कुणाच्या मानेच्या शिरा ताणल्या की पट्टी चुकली असं समज. दोघांना सोयीची पट्टी सापडलीच नाही, तर अंतरे वाटून दे आणि ध्रुवपद सगळ्यांनी मिळून म्हणा. मला तर हेच जास्त आवडतं. दोन-चार आवाजांवरून एकदम पंचवीस आवाजांवर गाणं आलं, की मागे वडापाव खात उभे असलेलेही वळून बघतात.

आधीच रेकॉर्ड केलेल्या वाद्यांच्या ट्रॅकवर गाऊ नका. मुलं हट्ट करतील, 'ओरिजिनलसारखं वाटतं' म्हणतील. करू देत. वीज गेली की ट्रॅक थांबतो; पेटी-तबल्यावरचा गट अंधारातही कडवं पुरं करतो. नगरसेवकांसाठी मध्येच थांबावं लागलं, तरी पेटीवाल्याला पुन्हा ध्रुवपदावर येता येतं.

तबल्याकडे मात्र नीट लक्ष दे. भाद्रपदातली हवा ओली असते, वरून एखादी सर येऊन जाते. चामडं ओल धरतं आणि तबल्याचा सूर उतरतो. पेटी आहे तिथेच राहते. संध्याकाळी सहाला मिळवलेला तबला नऊला लावलेला राहिलेला नसतो, आणि हे कळतं ते पहिल्या समेवर, सगळ्यांच्या देखत. स्टेजवर चढायच्या आधी तबलजीने कोपऱ्यात बसून, हातोडी घेऊन, पुन्हा एकदा मिळवून घ्यायचं. तोवर तबला झाकून ठेवायचा, पंख्याखाली नाही.

साउंडवाला दोन कॉर्डलेस माइक हातात देईल. घेऊ नका. ज्याच्या हातात माइक तोच ऐकू येतो, बाकीचे नुसते ओठ हलवताना दिसतात. स्टँडवरचे माइक माग, गट अर्धगोलात दोन रांगांत उभा कर, जाड आवाज मागे. मोठे स्पीकर माइकच्या पुढे असले पाहिजेत, नाहीतर माइक शिट्टी मारणारच. एक मॉनिटर, म्हणजे तुमचं तुम्हाला ऐकू यावं म्हणून लावलेला स्पीकर, तुमच्याकडे तोंड करून हवा. आणि साउंडवाल्याला दादा म्हण, चहा पाज. त्या रात्री तुमचं गाणं त्याच्या बोटांत असतं.

एक तरी तालीम पार्किंगमध्ये घे, भर संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या आणि शेजारच्या पथकाच्या ढोलांसकट. फोनमधला तानपुरा तिथे कुणाला ऐकू येत नाही, हे त्यांना तिथेच कळू दे. पेटीवर षड्ज मोठ्याने धरायचा, सगळ्यांनी तो गुणगुणायचा, मगच उचलायचं. श्वास सगळ्यांनी एकाच ठिकाणी घेतला की ओळीत भोक पडतं. शेजारी-शेजारी जोड्या लाव, एकीने शब्दाआधी घ्यायचा, दुसरीने नंतर. ओळीच्या शेवटचे 'त' आणि 'क' एकत्र पडू देत, नाहीतर लाह्या फुटल्यासारखं ऐकू येतं.

मागच्या पत्रात तू विचारलं होतंस, की बेसूर गाणाऱ्या आजींचं काय करू. काढू नकोस. हा त्यांचाही गणपती आहे. दोन पक्क्या आवाजांच्या मध्ये त्यांना उभं कर आणि टाळ हातात दे. लय त्यांची पक्की असते. पिढ्यान्‌पिढ्या आरत्या म्हटलेल्या घरातल्या आहेत त्या.

आणि 'गणपतीत कसला कॉयर?' म्हणणाऱ्या काकांना मेळ्यांची आठवण करून दे. 1890च्या दशकात पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, तो मेळ्यांसकट. पोरं आठवडेच्या आठवडे तालमी करून टिपऱ्या-लेझमीच्या ठेक्यावर पदं म्हणत रस्त्याने निघायची, आणि ती पदं इतकी झोंबायची की पुढे इंग्रज सरकारने मेळ्यांवर बंधनं घातली. काका आज ज्या डीजेची बाजू घेतात, तो फार नंतरचा.

शेवटचा गजर लोकांना द्या. आधी एकदा तुम्ही म्हणा, मग माइक मांडवाकडे वळवा. आरतीला झांजा बडवणारी पोरं समोरच बसलेली असतात, त्यांना आधीच सांगून ठेव.

पेटीवर कोण बसणार, हे तू लिहिलंच नाहीस. ते आधी ठरव आणि कळव. मगच पट्ट्या लिहून पाठवते. रविवारच्या तालमीला येईन, पण मागे बसेन. मला पुढे बोलावून सत्कार वगैरे करू नका, तेवढ्या वेळात एक अंतरा होतो.

तुझी,
बाई