पाचशे यार्ड फेकले, तरी हरले कसे?

खेळांविषयी वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या पर्ड्यू विद्यापीठात एमएस करते. शनिवारी मैत्रिणींबरोबर अमेरिकन फुटबॉल बघायला जाते आणि रविवारी फोनवर मला सगळं ऐकवते. परवा सांगत होती, "आई, आमचं विद्यापीठ क्वार्टरबॅकसाठी प्रसिद्ध आहे. इथल्या एकाने एका सामन्यात ५७२ यार्डांचे पास फेकलेत!" मी म्हटलं, मग जिंकले असतील. तर म्हणे, हरले. एवढं करून हरतात कसे?
– एक आई, सांगली

उत्तर : ताई, मुलगी सांगते ते शंभर टक्के खरं. तो मुलगा डेव्हिड ब्लाउ. सप्टेंबर २०१८, समोर मिझुरी, घरचं मैदान. ५७२ यार्ड हा पर्ड्यूचा एका सामन्यातला विक्रम. आणि शेवटच्या क्षणी मिझुरीने किक मारून सामना नेला, ४०-३७.

मी त्याच विद्यापीठात शिकलो, ड्रू ब्रीझ तिथे क्वार्टरबॅक होता त्या काळात. त्याआधी सोलापुरात क्लब क्रिकेटची स्कोअरबुकं लिहायचो, त्यामुळे लोक मैदानाकडे बघत असताना माझी नजर आकड्यांवर. तेव्हा थोडं बैजवार सांगतो.

क्वार्टरबॅक म्हणजे प्रत्येक चालीच्या सुरुवातीला ज्याच्या हातात चेंडू येतो तो गडी. त्याने चेंडू शेजारच्या गड्याला देऊन पळवायचा, नाहीतर पुढे धावणाऱ्या रिसीव्हरला फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांकडे. आता गंमत घड्याळाची आहे. गडी चेंडू घेऊन पळाला आणि मैदानातच आडवा झाला, तर घड्याळ बहुतेक वेळा चालूच राहतं. फेकलेला चेंडू कुणी झेलला नाही, तर घड्याळ थांबतं. म्हणून जो संघ पुढे आहे तो जमिनीवरून खेळतो आणि वेळ खातो. जो मागे पडलाय त्याला फेकण्यावाचून गत्यंतर नसतं. एका बाजूला चाळीस पास, दुसऱ्या बाजूला सत्तर, असा कागद हातात आला तर सत्तरवाला हरला असेल यावर मी चहाची पैज लावतो, आणि बहुतेकदा चहा मलाच मिळतो.

ब्रीझचंच बघा. १० ऑक्टोबर १९९८, विस्कॉन्सिनच्या मैदानावर त्याने ८३ पास फेकले. एका सामन्यात इतके पास तोवर कुणी फेकले नव्हते. ५५ झेलले गेले, ४९४ यार्ड झाले. निकाल? विस्कॉन्सिन ३१, पर्ड्यू २४. त्याचा एक पास विस्कॉन्सिनच्या गड्याने मधल्यामध्ये हिसकावून थेट टचडाउनपर्यंत (चेंडू समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउन, सहा गुण) पळवला, तेवढाच काय तो फरक. (तिसरा क्वार्टर संपला की विस्कॉन्सिनचं अख्खं स्टेडियम गाण्यावर उड्या मारतं, टीव्हीवर पाहिलं असेल. ती प्रथा त्याच दिवशी सुरू झाली. आमच्या पराभवावर नाचून सुरू झालेली प्रथा, म्हणून मला आजही ती बघवत नाही.)

ब्लाउचंही पुढे तेच झालं, फक्त उलट्या बाजूने. त्याच २०१८च्या ऑक्टोबरमध्ये ओहायो स्टेटसारखा तगडा संघ पर्ड्यूच्या गावी, वेस्ट लाफायेटला आला. त्यांचा क्वार्टरबॅक ड्वेन हॅस्किन्स. त्याने ७३ पास फेकले, ४७० यार्ड केले. ब्लाउचे ३७८. आणि धावफलकावर पर्ड्यू ४९, ओहायो स्टेट २०. जास्त यार्डवाला पुन्हा हरला.

आता लगेच मुलीला फोन करून "तुमचे विक्रम म्हणजे पराभवाची यादी" असं म्हणू नका, ती चिडेल आणि तिचं चिडणं रास्त असेल. २०२१मध्ये एडन ओकॉनेलने तिसऱ्या क्रमांकावरच्या मिशिगन स्टेटविरुद्ध ५३६ यार्ड केले आणि सामना जिंकला, ४०-२९. हा मुलगा संघात शिष्यवृत्तीशिवाय, स्वतःहून येऊन दाखल झालेला. त्याच मोसमाच्या अखेरच्या बोल सामन्यात त्याने टेनेसीवर ५३४ यार्ड केले आणि जादा वेळेत तोही जिंकला. तेव्हा फेकाफेकीनं हरतातच असं नाही. पण नुसते यार्ड सांगून कुणी छाती फुगवली, तर स्कोअर विचारायचा.

माझ्या मते पर्ड्यूच्या क्वार्टरबॅकची सगळ्यात देखणी कामगिरी पासांच्या रकान्यात नाहीच. २ जानेवारी १९६७, रोझ बोल हा मोसमाअखेरचा मानाचा सामना, समोर कॅलिफोर्नियाचा यूएससी संघ. पर्ड्यूचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी. त्या दिवशी त्याचा एकही टचडाउन पास नाही. दोन्ही टचडाउन पेरी विल्यम्सने चेंडू घुसवून केले. पण टचडाउननंतरच्या जादा गुणाच्या किका ग्रीसीच मारायचा. दोन्ही बसल्या, दोन गुण. शेवटाला यूएससीने टचडाउन केलं आणि बरोबरीवर समाधान न मानता दोन गुणांसाठी पास टाकला. पर्ड्यूने तो अडवला. १४-१३. त्या दोन किकांतली एक जरी हुकली असती तरी आज पर्ड्यूत त्या सामन्याचं नाव निघालं नसतं. रोझ बोलला पर्ड्यू आजवर दोनदाच पोचलं, त्यातला जिंकलेला हा एकच.

प्रश्न : मी तालमीतला आणि क्रिकेटमधला माणूस. अमेरिकन फुटबॉल यूट्यूबवर बघतो. चेंडू दोन हात लांब फेकतात आणि टीव्हीवर 'तीस यार्डांचा पास' असं येतं. ही मोजणी कुठल्या हिशोबाने? शिवाय कॉलेजात विक्रम करणारे पुढे व्यावसायिक खेळात दिसत नाहीत, ते का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या प्रश्नाबद्दल तुमची पाठ थोपटली पाहिजे, कारण इथेच भले भले चकतात. समजा चाल स्वतःच्या ३० यार्डांच्या रेषेवर सुरू झाली. क्वार्टरबॅकने चेंडू आडवा, किंचित मागे टाकला आणि रिसीव्हरने तो २८वर झेलला. पुढे रिसीव्हर चौघांना हुलकावण्या देत मध्यरेषा ओलांडून समोरच्यांच्या ४० यार्डांपर्यंत पळाला. चाल जिथून सुरू झाली तिथून मोजायचं : ३० यार्ड. हे सगळे तीस क्वार्टरबॅकच्या पासिंगच्या खात्यात जमा, आणि तेच तीस रिसीव्हरच्याही खात्यात. पळण्याची मेहनत एकाची, नाव दोघांचं.

दुसरी खोच याहून मजेशीर. क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडलं तर त्याला सॅक म्हणतात. समजा आठ यार्ड मागे पाडला. हे आठ यार्ड वजा कुठे करायचे? कॉलेजच्या हिशोबात ते त्याच्या धावण्यातून जातात. म्हणून कॉलेजच्या पत्रकात चांगल्या क्वार्टरबॅकपुढे 'धाव : उणे ४०' असं काहीतरी वाचायला मिळतं. व्यावसायिक एनएफएलमध्ये मात्र ते संघाच्या पासिंगमधून कापतात. खेळ एकच, वही वेगळी.

वहीवरून आठवलं. ब्रीझचे पर्ड्यूतले एकूण यार्ड किती, यावर दोन आकडे सापडतील : ११,७९२ आणि १०,९०९. दोन्ही बरोबर. २००२पर्यंत राष्ट्रीय संघटना, म्हणजे एनसीएए, मोसमाअखेरचे बोल सामने अधिकृत आकडेवारीत धरत नव्हती. ब्रीझने अलामो बोलमध्ये २३०, आउटबॅक बोलमध्ये ३७८ आणि रोझ बोलमध्ये २७५ यार्ड केले. बेरीज ८८३, आणि त्या दोन आकड्यांतला फरकही नेमका तेवढाच. २००२पासून बोल सामने मोजले जाऊ लागले, पण जुन्यांच्या खात्यात मागचं काही घातलं नाही. त्यामुळे आजच्या मुलांशी जुन्यांची तुलना करताना जुन्यांना आधीच एक पाय बांधून उभं केलेलं असतं. मला हा सरळ अन्याय वाटतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला तुमच्या गावातूनच उत्तर देतो. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८च्या मोसमात पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. समोरच्या संघाने सामनाच सोडून दिला, नाहीतर ब्रॅडमनच्या ४५२ धावा गेल्याच होत्या. आणि भाऊसाहेब एकही कसोटी खेळले नाहीत. पर्ड्यूचा मार्क हर्मन तसाच. १९७७ ते १९८० या चार मोसमांत नऊ हजारांवर यार्ड करणारा कॉलेज फुटबॉलमधला तो पहिला क्वार्टरबॅक. एनएफएलमध्ये त्याची बरीचशी वर्षं राखीव म्हणून बाकावर गेली. पण त्याच विद्यापीठातून लेन डॉसन, ग्रीसी आणि ब्रीझ असे तिघे बाहेर पडले आणि तिघांनी आपापल्या संघाला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून दिला. 'क्रेडल ऑफ क्वार्टरबॅक्स', म्हणजे क्वार्टरबॅकांचा पाळणा, ही बिरुदावली तिथे उगाच मिरवत नाहीत.

ब्रीझलाही सहज घेतलं नव्हतं बरं का. उंची जेमतेम सहा फूट, त्यामुळे पुढच्या धिप्पाड गड्यांच्या डोक्यावरून याला दिसणार कसं, अशी चर्चा. एनएफएल संघ कॉलेजातले खेळाडू निवडतात त्या २००१च्या निवडीत पहिल्या फेरीत कुणी उचलला नाही, दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला सॅन डिएगोने घेतला. ज्यांना शंका होती त्यांनी आदल्या वर्षीचा २८ ऑक्टोबर पाहायला हवा होता. पर्ड्यूचं रॉस-एड स्टेडियम, समोर ओहायो स्टेट. त्या दिवशी ब्रीझचे चार पास समोरच्यांनी पळवले. चौथा तर अगदी शेवटाला. त्यावरून ओहायोने टचडाउन करून आघाडी घेतली, २७-२४. आमच्या पुढच्या रांगेतला एक गृहस्थ घोंगडी गुंडाळून निघालासुद्धा. सामना संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती. ब्रीझ मागे सरला, एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं, आणि ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं त्या सेथ मोरालेसकडे चेंडू सोडला. ६४ यार्ड, टचडाउन, ३१-२७. चार पास गमावलेल्या माणसाला पाचवा तसा फेकण्याची छाती होते, हे कुठल्या रकान्यात लिहिणार? घोंगडीवाले गृहस्थ जिन्यातच अडकले होते, त्यांना नुसता आवाज ऐकू आला.

प्रश्न : भाचा यंदा पर्ड्यूला गेलाय. हे सामने आपल्याकडे किती वाजता असतात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : सामने बहुधा शनिवारी. तिथे दुपारी बाराचा असेल तर आपल्याकडे रात्री साडेनऊ, म्हणजे जेवून बसता येतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्यांची घड्याळं तासभर मागे जातात, मग साडेदहा. संध्याकाळचा सामना मात्र आपल्या रविवारी पहाटे, तो दुसऱ्या दिवशी हायलाइट्समध्येच बघा. आमच्या वेळी हा गोंधळ नव्हता. २००६पर्यंत इंडियानाचा तो भाग घड्याळ पुढे-मागे करतच नसे, सोलापूरशी बारा महिने साडेदहा तासांचं अंतर ठरलेलं. आणि भाच्याला सांगा, नोव्हेंबरअखेरचा इंडियाना विद्यापीठाविरुद्धचा सामना चुकवू नकोस. तो १९२५पासून एका जुन्या लाकडी बादलीसाठी खेळतात. दोन्हीकडचे लोक त्या बादलीपायी वर्षभर एकमेकांना टोमणे मारतात, आणि थर्मल घातल्याशिवाय तिथे चार तास बसवत नाही.